युद्धाच्या छायेतील नगरसभा

सकाळी नळाला पाणी येते, दाराशी साठलेला केर कोणीतरी उचलून नेतो, संध्याकाळ झाली की रस्त्यावरचे दिवे लागतात. या गोष्टी इतक्या नेमाने घडतात की त्या कोणी घडवून आणीत असेल याची नागरिकास आठवणही होत नाही. ती होते नळ कोरडा पडल्यावर. मग नगरसभेच्या नावाने बोटे मोडली जातात, वर्तमानपत्रात पत्रे येतात, आणि दोन दिवसांनी पाणी आले की सारे पुन्हा विसरले जाते. शांततेच्या काळात एवढ्यावर निभावते. परंतु ज्या शहरावर रात्रीमागून रात्री आकाशातून आग बरसते आहे, तेथे नळाला पाणी असणे वा नसणे, एखाद्या भिंतीवर चार पैसे अधिक खर्च होणे वा न होणे, यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नगरसभांवर असाच प्रसंग गुदरला होता.

लंडन हे शहर एक असले तरी त्याचा कारभार एका सभेच्या हाती नव्हता. १८८९ साली स्थापन झालेली लंडन कौंटी कौन्सिल ही मोठी सभा सर्व शहराचे बंब, शाळा, मुख्य गटारे आणि पुढे रुग्णालयेही पाही. पाणीपुरवठ्याचे मंडळ निराळे होते. या थोरल्या संस्थांच्या हाताखाली नव्हे, तर त्यांच्या जोडीने, अठ्ठावीस लहान नगरसभा आपापल्या विभागाचा संसार चालवीत. अशा विभागास तेथे ‘बरो’ म्हणतात. रस्ते झाडणे, केर उचलणे, दिवे लावणे, वाचनालये व स्नानगृहे चालविणे, रोगराईस आळा घालणे ही सर्व कामे बरोंची. शहराच्या अगदी मध्यभागी जी पुरातन ‘सिटी’ आहे तिचा कारभार पूर्वापार स्वतंत्र.

या अठ्ठावीसांपैकी फिन्सबरी ही एक नगरसभा. विभाग लहानसा, विस्ताराने सुमारे एक चौरस मैल. परंतु १९३१ च्या शिरगणतीत तेथे सुमारे सत्तर हजार माणसे राहत होती. घड्याळे बनविणारे कारागीर, छापखान्यांतील कामगार, मजूर, लहान दुकानदार अशी ती वस्ती. घरे जुनी, दाटीची, कोंदट. भारतीयांस या विभागाचे नाव अपरिचित असण्याचे कारण नाही. मुंबई ही ज्यांची कर्मभूमी, ते दादाभाई नौरोजी १८९२ साली याच फिन्सबरीच्या मध्य भागातून अवघ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी ब्रिटिश संसदेवर निवडून आले होते. दादाभाईंनी त्यापूर्वी मुंबईच्या नगरसभेतही काम केले होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

दादाभाईंच्या विजयास सेहेचाळीस वर्षे झाली, आणि १९३८ साली फिन्सबरीच्या मेयरपदाची साखळी पुन्हा एका भारतीयाच्या गळ्यात पडली. त्यांचे नाव डॉक्टर चुनीलाल कत्याल. पंजाबात जन्मलेले व लाहोरास वैद्यक शिकलेले हे गृहस्थ १९२७ च्या सुमारास इंग्लंडात गेले आणि लंडनच्या पूर्वेस कॅनिंग टाउन या गोदी कामगारांच्या वस्तीत त्यांनी दवाखाना थाटला. १९३१ साली महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले असता चार्ली चॅप्लिन या जगप्रसिद्ध नटाशी त्यांची भेट झाली, ती डॉ. कत्यालांच्याच घरी. पुढे कत्याल फिन्सबरीत आले, १९३४ साली नगरसभेवर निवडून गेले आणि सार्वजनिक आरोग्याच्या समितीचे अध्यक्ष झाले. एका छपराखाली क्षयाची तपासणी, दातांची चिकित्सा, बाळंतिणींची व बालकांची देखभाल करणारे एक आरोग्यकेंद्र नगरसभेने त्यांच्या पुढाकाराने बांधले. ते १९३८ साली उघडले. त्यावेळी इंग्लंडातही गरिबास डॉक्टर बोलाविणे परवडत नसे. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा तेव्हा दहा वर्षे दूर होती.

या सर्वांस पैसा लागे. तो कोठून येई, हे समजून घेतले पाहिजे. कारण पुढील सारा कलह पैशावरूनच झाला. लंडनमध्ये प्रत्येक घराची व दुकानाची वार्षिक भाड्यावरून एक किंमत ठरवीत आणि तिच्या दर पौंडामागे काही शिलिंग व पेन्स इतकी पट्टी घेत. आपण जिला घरपट्टी म्हणतो तीच ही. त्या काळी वीस शिलिंगांचा पौंड होई आणि बारा पेन्सांचा शिलिंग. पौंडामागे एक पेनी पट्टी वाढविली तर तिजोरीत किती भर पडेल, हा आकडा नगरसभेच्या हिशेबनिसास तोंडपाठ असे. धनिकांच्या विभागात घरांच्या किमती मोठ्या, म्हणून त्या एका पेनीतून मोठी रक्कम उभी राही. गरिबांच्या विभागात ती चिमूटभरच. म्हणजे जेथे दवाखान्याची व स्नानगृहाची गरज अधिक, तेथेच पेनीचे मोल कमी! शिवाय सरकारी हिशेबतपासनिसाची नजर प्रत्येक खर्चावर असे. कायद्यात न बसणारा खर्च आढळला तर ती रक्कम सभासदांच्या स्वतःच्या खिशातून भरून घेण्याचा हुकूम तो देऊ शके. नगरपित्यांचा हात यामुळे सहसा आखडता राही.

१९३७ साली संसदेने हवाई हल्ल्यापासून नागरिकांचा बचाव करण्याविषयी कायदा केला व ते काम स्थानिक संस्थांवर सोपविले. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, उरलेला घरपट्टीतून यावा, आणि नगरसभांनी आपापल्या योजना आखून मंजुरीसाठी पाठवाव्यात, असे ठरले. पुढील वर्षी, सप्टेंबर १९३८ मध्ये, युद्ध आता पेटणार असे वातावरण निर्माण झाले. बागांतून घाईघाईने खंदक खणण्यात आले आणि विषारी वायूपासून रक्षण करणारे मुखवटे घरोघर वाटले गेले. ते संकट तेवढ्यापुरते टळले. अर्धवट खणलेल्या खंदकांत पावसाचे पाणी साचले, आणि लोक विचारू लागले की उद्या खरोखरच विमाने आली तर आम्ही जावयाचे कोठे?

फिन्सबरीच्या नगरसभेने हा प्रश्न अंदाजाने न सोडविता तज्ज्ञांकडे सोपविला. तिचे आरोग्यकेंद्र ज्यांनी बांधले होते ते वास्तुशिल्पी बर्थोल्ड लुबेटकिन व त्यांचे सहकारी, आणि त्यांच्या जोडीला ओव्ह अरुप नावाचे अभियंते, यांनी कामास हात घातला. याच अरुपांचे नाव पुढे ऑस्ट्रेलियातील सिडनी येथल्या सुप्रसिद्ध नाट्यगृहाच्या बांधणीमुळे जगभर झाले. त्यांनी विभागातील तळघरे पाहिली, मोकळ्या जागा मोजल्या, माणसे कोठे किती राहतात याची नोंद केली. मग खंदक, तळघर, पत्र्याची खोपी, खोल भुयार अशा प्रत्येक प्रकारच्या निवाऱ्यात किती धोका उरतो आणि तो कमी करावयास किती पैसा पडतो, याचे त्यांनी गणित मांडले. भावनेच्या भरात न जाता जिवाच्या जोखमीचा हिशेब कागदावर मांडण्याचा हा प्रयत्न त्या काळी नवीनच होता.

त्यांचा निष्कर्ष असा की, जमिनीत खोलवर, प्रचंड विहिरीसारखे गोल निवारे काँक्रीटचे बांधावेत. प्रत्येकात हजारो माणसे मावावीत. आत जाण्यासाठी पायऱ्या नकोत. कारण अंधारात, घाईत, मुले कडेवर घेऊन पळणाऱ्या माणसांचा पायऱ्यांवर घात होतो. त्याऐवजी गोगलगाईच्या शंखाप्रमाणे वळत जाणारी सौम्य उतरण असावी, म्हणजे गर्दी न थांबता आत ओसरत जाईल. युद्ध संपल्यावर हीच जागा मोटारी ठेवण्यास उपयोगी पडेल आणि खर्च अगदीच वाया जाणार नाही, असाही त्यांचा विचार होता. १९३९ च्या आरंभी या योजनेचे नकाशे व चित्रे लोकांना पाहण्यासाठी मांडण्यात आली. कारखान्यातून सुटलेली माणसे ती पाहावयास येत आणि आपले घर नकाशात कोठे आहे ते बोटाने शोधीत.

योजना उत्तम होती. पण खर्च असा की फिन्सबरीच्या साऱ्या पेन्या एकत्र केल्या तरी तो भागला नसता. सरकारने अनुदान दिले तरच ती पार पडणार होती. नागरी संरक्षणाची जबाबदारी त्यावेळी सर जॉन अँडरसन यांच्याकडे होती. हेही गृहस्थ पूर्वी बंगालचे गव्हर्नर होते. खोल निवाऱ्यांचा विचार करण्यासाठी त्यांनी लॉर्ड हेली यांच्या अध्यक्षतेखाली एक परिषद नेमली. हे हेली पूर्वी पंजाबचे व संयुक्त प्रांताचे गव्हर्नर! खोल निवाऱ्यांच्या बाजूने सर्वांत मोठा आवाज उठविणारे शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन हे पुढे १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाले. एका लहानशा विभागाच्या या वादात भारताशी या ना त्या नात्याने जोडलेली इतकी माणसे एकत्र यावीत, हा मोठा चमत्कारिक योगायोग होय.

एप्रिल १९३९ मध्ये हेली परिषदेने खोल निवाऱ्यांच्या विरुद्ध मत दिले आणि फिन्सबरीची योजना नामंजूर झाली. सरकारच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. पोलाद, सिमेंट आणि कुशल मजूर यांची सैन्यालाही निकड होती. बांधकामाला दीर्घ काळ लागणार, आणि युद्ध तर दारात उभे. भोंगा वाजल्यापासून बाँब पडेपर्यंत जी थोडी मिनिटे मिळणार तेवढ्यात हजारो माणसे एका ठिकाणी पोहोचतील कशी, ही शंकाही रास्त होती. परंतु आणखी एक कारण दिले जाई, ते मात्र आज वाचताना मनास लागते. एकदा लोक खोल भुयारात गेले की ते कामावर जाण्यास बाहेर निघणारच नाहीत, असे भय अधिकाऱ्यांना वाटत होते. ज्या लोकांवर हा अविश्वास दाखविला गेला, तेच लोक पुढे रात्रभर जागून सकाळी काचांच्या ढिगांतून वाट काढीत कामावर जाताना साऱ्या जगाने पाहिले.

खोल निवाऱ्यांऐवजी सरकारने पन्हाळी पत्र्याच्या लहान खोप्या वाटल्या. त्या घरामागील बागेत अर्ध्या पुरून वर माती लोटावयाची. वर्षाला २५० पौंडांहून कमी मिळकत असणाऱ्यांस त्या फुकट मिळत. स्वस्त आणि उपयुक्त अशी ती वस्तू होती यात शंका नाही. कित्येकांचे प्राण तिने वाचविले. पण ज्याच्या घरामागे बागच नाही त्याने ती पुरावी कोठे? फिन्सबरीसारख्या दाट वस्तीत हाच प्रश्न होता. अशा ठिकाणी तळघरांना टेकू देऊन ती मजबूत करणे आणि रस्त्याच्या कडेला विटांचे निवारे बांधणे एवढेच नगरसभांच्या हाती उरले. त्यातही एक दुर्दैव ओढवले. १९४० साली सिमेंटची टंचाई पडली. सरकारी परिपत्रकातील शब्द मोघम होते, त्यामुळे काही ठिकाणी विटा सिमेंटशिवाय केवळ चुन्यात बांधल्या गेल्या. असे निवारे जवळच्या स्फोटानेही ढासळत. काही पुढे पाडून टाकावे लागले. बांधण्याचा खर्च झाला तो झालाच, पाडण्याचाही झाला.

७ सप्टेंबर १९४० रोजी लंडनवर मोठा हवाई हल्ला झाला आणि त्यानंतर सुमारे सत्तावन्न रात्री बाँबचा वर्षाव चालू राहिला. मे १९४१ पर्यंत कमीअधिक प्रमाणात हा क्रम सुटला नाही. युद्धास आरंभ झाल्यापासूनच रस्त्यावरचे दिवे मालविलेले होते. अंधारात वाटसरूंना ठेच लागू नये म्हणून पदपथांच्या कडांना व झाडांच्या बुंध्यांना नगरसभांनी पांढरा रंग फासला होता. दिवे लावणे हे जिचे काम, तिने ते लागू नयेत यासाठी पहारे ठेवावेत, असा तो काळ! गल्लीगल्लीत हवाई हल्ल्याचे पहारेकरी नेमलेले असत. त्यांतील बहुतेक दिवसा आपापली नोकरी करून रात्री विनावेतन काम करीत. पूर्ण वेळ काम करणाऱ्या पुरुषास आठवड्याला तीन पौंड व स्त्रीस दोन पौंड मिळत. बाँब तर दोघांवर सारखेच पडत.

फिन्सबरीतील रोझबरी अॅव्हेन्यू या एकाच रस्त्यावर नगरसभेची कचेरी, साऱ्या लंडनच्या पाणीपुरवठा मंडळाचे मुख्य कार्यालय आणि सॅडलर्स वेल्स नावाचे विख्यात नाट्यगृह अशा तीन वास्तू जवळजवळ होत्या. १६१३ साली लंडनला दुरून पिण्याचे पाणी आणणारा कालवा याच ठिकाणी येऊन पोहोचला होता. युद्धात हे पाणीच सर्वांत नाजूक ठरले. जमिनीखालचे मोठे नळ बाँबने फुटत. फुटक्या नळाशेजारी फुटके गटार असले की रोगाचे भय. म्हणून पाण्यात क्लोरीन अधिक घालीत, पिपांच्या गाड्या गल्लोगल्ली फिरवीत, आणि पाणी उकळून प्या अशी सूचना देत. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री ‘सिटी’वर व लगतच्या फिन्सबरीच्या दक्षिण भागावर आग लावणाऱ्या बाँबचा पाऊस पडला. मोठे नळ फुटले होते आणि त्याच वेळी टेम्स नदीस ओहोटी असल्याने बंबांच्या नळ्या पाण्यापर्यंत पोहोचेनात. सेंट पॉलच्या देवळापासून उत्तरेकडे फिन्सबरीपर्यंतचा प्रदेश त्या रात्री होरपळून निघाला. त्यानंतर शहरात ठिकठिकाणी, पडलेल्या इमारतींच्या तळघरांतसुद्धा, पाण्याचे हौद बांधून ठेवण्यात आले. इतके होऊनही लंडनात मोठी साथ फैलावली नाही. ही गोष्ट त्या काळच्या वीरकथांत फारशी सांगितली जात नाही. नळ जोडणाऱ्यांचे पोवाडे कोणी रचीत नाही.

केराचेही तसेच. खरकटे टाकण्यासाठी रस्त्याच्या कोपऱ्यावर निराळी पिंपे ठेवलेली असत. ते डुकरांना खाऊ घालीत. कागद, चिंध्या, हाडे, लोखंड सारे वेगळे केले जाई. बागांभोवतीचे लोखंडी कठडे कापून नेण्यात आले. पडलेल्या घरांचा राडारोडा उचलून विमानतळांच्या धावपट्ट्यांखाली भरला. शेजारच्या सेंट पॅन्क्रस विभागाने १९४१ साली मोटारीत पुस्तके घालून फिरते वाचनालय सुरू केले. त्या नगरसभेत त्यावेळी व्ही. के. कृष्ण मेनन हे सभासद होते. वाचनालयांच्या कामात त्यांचे विशेष लक्ष असे. स्वतंत्र भारताचे ते पुढे संरक्षणमंत्री झाले.

मात्र एका बाबतीत सर्वांचाच अंदाज चुकला होता. युद्धापूर्वी अधिकाऱ्यांनी हिशेब केला होता तो मृतांचा. हजारो लोक मरतील म्हणून शवपेट्यांची सिद्धता झाली होती. प्रत्यक्षात मेले त्याहून कितीतरी पट अधिक लोक जिवंत राहिले, पण बेघर झाले. पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे अडीच लाख लंडनवासी घराला मुकले. त्यांच्यासाठी शाळांतून उघडलेल्या विश्रांतिस्थानांत पाव, डब्यातले मांस आणि चहा यांखेरीज फारसे काही नसे. घर गेलेला मनुष्य म्हणजे धर्मादायावर जगणारा कंगाल, अशी जुन्या कायद्याची दृष्टी; आणि ज्याचा कंगाल त्याने पोसावा हा जुना नियम. एका विभागातून दुसऱ्यात पळून आलेल्या कुटुंबाच्या जेवणाचा खर्च कोणत्या घरपट्टीवर पडावा, यावर कचेऱ्यांतून पत्रव्यवहार चाले आणि तोवर ते कुटुंब बाकावर बसून राही. डॉ. कत्यालांचा पहिला दवाखाना ज्या कॅनिंग टाउनमध्ये होता, तेथे एका शाळेत शेकडो निराश्रित त्यांना दूर नेणाऱ्या बसगाड्यांची वाट पाहत होते. गाड्या वेळेवर आल्या नाहीत. १० सप्टेंबरच्या पहाटे त्या शाळेवर बाँब पडला. सरकारी मोजणीप्रमाणे सत्तरांहून अधिक माणसे दगावली. वस्तीतील लोक आकडा याहून पुष्कळ मोठा सांगत.

यानंतर चक्रे हलली. बेघरांच्या व्यवस्थेसाठी एक खास अधिकारी नेमला गेला, रिकामी घरे ताब्यात घेण्यात आली, गरम जेवणाची सोय झाली आणि हा खर्च राष्ट्राच्या तिजोरीतून होऊ लागला. सॅडलर्स वेल्सचे नाट्यगृह बंद झाले होते. तेथे नाटकाऐवजी बेघर कुटुंबांनी बिऱ्हाडे मांडली. नगरसभांच्या स्वतःच्या तिजोऱ्यांनाही सरकारचा आधार द्यावा लागला, कारण पडलेल्या घरावर पट्टी बसविता येत नाही आणि गाव सोडून गेलेला भाडेकरू ती भरीत नाही. उत्पन्न आटत होते आणि काम चौपट वाढत होते.

निवाऱ्यांच्या बाबतीत लोकांनी परिपत्रकांची वाट पाहिली नाही. भोंगा वाजला की ते तिकीट काढून भुयारी रेल्वेच्या फलाटांवर उतरत व तेथेच पथारी पसरीत. सरकारने प्रथम विरोध केला, मग मुकाट्याने मान्यता दिली. नोव्हेंबर १९४० च्या आरंभी मध्य लंडनात पाहणी झाली. शंभरांतील चौघे भुयारी रेल्वेत, नऊ जण सार्वजनिक निवाऱ्यांत व सत्तावीस घरच्या निवाऱ्यांत झोपत असल्याचे आढळले. उरलेले आपल्या अंथरुणातच असत. आणि त्याच सुमारास सरकारने आपला जुना निर्णय फिरविला. भुयारी रेल्वेच्याही खाली खोल निवारे खणण्याचे ठरले. दहा ठिकाणी आरंभ झाला, आठ पुरे झाले. प्रत्येकात सुमारे आठ हजार माणसांची सोय होती. पण ते तयार होईतो १९४२ साल उजाडले होते आणि ज्या हल्ल्यांसाठी ते हवे होते ते केव्हाच ओसरले होते.

पूर्व लंडनातील बेथनल ग्रीन येथील नगरसभेच्या ताब्यात एक अपुरे राहिलेले भुयारी स्थानक होते. रूळ अद्याप पडावयाचे होते. तेथे तिने हजारो खाटा मांडल्या, उपाहारगृह व दवाखाना काढला, आणि बाँबने वाचनालय उद्ध्वस्त झाल्यावर पुस्तकेही तेथेच आणली. असा हा निवारा लंडनातील उत्तम निवाऱ्यांत गणला जाई. पण त्यात उतरण्यास वाट एकच होती. तिच्या तोंडाशी लाकडी आडोसा होता आणि आत एकोणीस पायऱ्या. गर्दीच्या रेट्याने हा आडोसा टिकणार नाही, तेथे पक्के बांधकाम करू द्यावे, अशी विनंती नगरसभेने १९४१ साली वरिष्ठांकडे केली. हा खर्च समर्थनीय नाही, असे उत्तर आले.

३ मार्च १९४३ ची रात्र. पाऊस पडून गेला होता, पायऱ्या ओल्या होत्या आणि एक मंद दिवा तेवढा मिणमिणत होता. भोंगा वाजताच लोक नेहमीप्रमाणे आत जाऊ लागले. इतक्यात जवळच्या बागेतून विमानांवर मारा करणाऱ्या नव्या तोफांचा, कधी न ऐकलेला, कर्णकर्कश आवाज झाला. बाँबच पडला असे समजून मागचे लोक पुढे रेटले. खालच्या पायऱ्यांजवळ एक स्त्री अडखळून पडली. तिच्यावर दुसरे पडले, त्यांच्यावर तिसरे. मध्ये धरावयास कठडा नव्हता. काही क्षणांत सुमारे तीनशे माणसे त्या अरुंद जिन्यात एकमेकांवर रचली गेली. एकशे त्र्याहत्तर जण गुदमरून मेले. त्यांत बासष्ट मुले होती. त्या रात्री तेथे एकही बाँब पडला नव्हता.

शत्रूस कळू नये आणि लोकांचे धैर्य खचू नये म्हणून सरकारने चौकशीचा अहवाल लपवून ठेवला. तो जानेवारी १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर बेथनल ग्रीनचे नगरपिते लोकांच्या शिव्याशाप सोशीत राहिले. आम्ही विनंती केली होती, हे त्यांना सांगता येत नव्हते. न्यायालयातही ठपका नगरसभेवरच आला. दुर्घटनेनंतर लवकरच जिन्यात कठडे बसले आणि पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या रंगविल्या गेल्या.

युद्धाच्या काळात नगरसभांच्या निवडणुका थांबविण्यात आल्या होत्या. १९३७ साली निवडून आलेल्या सभासदांस १९४५ च्या नोव्हेंबरात प्रथमच पुन्हा मतदारांपुढे उभे राहावे लागले. फिन्सबरीच्या नव्या सभेने युद्धापूर्वीचा घरबांधणीचा आराखडा पुन्हा काढला. स्पा ग्रीन येथील नव्या चाळींचा पाया १९४६ साली घातला गेला आणि वास्तुशिल्पी होते तेच लुबेटकिन. डॉ. कत्याल १९४८ साली मायदेशी परतले व कामगारांच्या राज्य विमा महामंडळाचे पहिले महासंचालक झाले. १९६५ साली फिन्सबरीची नगरसभा शेजारच्या इस्लिंग्टनमध्ये विलीन झाली. दादाभाईंच्या नावाची एक गल्ली मात्र तेथे आहे.

बेथनल ग्रीनच्या त्या प्रवेशद्वाराशेजारी, वाचलेल्यांनी व त्यांच्या मुलानातवंडांनी पैसे जमवून, एक स्मारक उभारले. ते २०१७ साली पुरे झाले. उलट्या टांगलेल्या जिन्याच्या आकाराचे ते आहे आणि त्यावर मृतांची नावे कोरली आहेत. खालच्या खऱ्या जिन्यातून आता लोक कठड्याला धरून रेल्वेसाठी उतरतात.